यांत्रिक कळफलकाची निवड आणि रचनाबदल : मराठी टंकलेखनाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

अध्यापकाच्या लेखनकार्याचा मोठा भाग आज संगणकाच्या कळफलकावर पार पडतो. तथापि हा कळफलक निवडताना किंमत आणि बाह्य स्वरूप यांपलीकडे फारसा विचार होत नाही. यांत्रिक कळफलक, म्हणजेच मेकॅनिकल कीबोर्ड, हा प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेला, दुरुस्त करता येणारा आणि गरजेनुसार बदलता येणारा प्रकार आहे. प्रस्तुत लेखात या स्विचचे कार्य, त्यांचे प्रकार, निवडीचे निकष आणि रचनाबदलाच्या पद्धती यांचे विवेचन केले आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत मराठी लिहिताना बोटांवर पडणारा भार इंग्रजीपेक्षा वेगळा असतो. म्हणून निवडीचा आरंभ स्विचच्या रंगापासून न करता लेखनाच्या भाषेपासून आणि हातापासून करावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : यांत्रिक कळफलक, स्विच, कार्यबिंदू, इनस्क्रिप्ट, शिफ्ट, फर्मवेअर

प्रास्ताविक

प्रश्नपत्रिका, टाचणे, शोधनिबंध, अंतर्गत गुणांच्या याद्या, नॅकचा स्वयंमूल्यांकन अहवाल आणि प्राचार्यांना द्यावयाची पत्रे या सर्व गोष्टी आज अध्यापकाला स्वतःच टंकलिखित कराव्या लागतात. पूर्वी हे काम कार्यालयातील टंकलेखकाकडे असे. त्याच्यापुढे असलेले यंत्र शब्दशः यांत्रिक होते. भारतात गोदरेज अँड बॉईस या कंपनीने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ही यंत्रे कार्यालयांत आणि टंकलेखन संस्थांत खणखणत राहिली. त्या यंत्राची एखादी कळ अडली तर तेल घालणारा कारागीर गावात मिळत असे. त्याची जागा घेणाऱ्या संगणकाच्या कळफलकाबाबत मात्र चित्र उलट झाले. एक कळ निकामी झाली की उरलेल्या शंभराहून अधिक चांगल्या कळांसह संपूर्ण कळफलक अडगळीत जातो.

यांत्रिक कळफलकाने ही दुरुस्तीक्षमता पुन्हा आणली आहे. परंतु या विषयावरील बहुतेक माहिती खेळांच्या संदर्भात किंवा इंग्रजी लेखन गृहीत धरून दिलेली असते. मराठी लिहिणाऱ्या अध्यापकाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. या दृष्टीने प्रस्तुत विवेचनाची गरज आहे.

लेखाची उद्दिष्टे

1) यांत्रिक स्विचचे कार्य आणि त्याचे प्रमुख प्रकार स्पष्ट करणे.
2) स्विचच्या तांत्रिक आकड्यांचा व्यावहारिक अर्थ सांगणे.
3) इनस्क्रिप्ट मांडणीत मराठी लिहिताना कोणत्या बोटांवर भार पडतो ते पाहणे.
4) त्या आधारे निवडीचा आणि रचनाबदलाचा क्रम सुचविणे.

1. कळ दाबली असता काय घडते?

सर्वसाधारण स्वस्त कळफलकात कळांखाली रबराचे लहान घुमट असतात आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिकच्या तीन पातळ पडद्यांचा थर असतो. वरच्या आणि खालच्या पडद्यावर विद्युतवाहक रेषा छापलेल्या असतात, तर मधला पडदा त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. कळ दाबली की घुमट कोसळतो आणि दोन्ही पडदे मधल्या पडद्यातील छिद्रातून एकमेकांना टेकतात. हा स्पर्श कळ जवळजवळ तळाला पोहोचल्यावर होतो. म्हणून अशा कळफलकावर प्रत्येक अक्षरासाठी बोट तळापर्यंत न्यावे लागते. कालांतराने रबर कडक किंवा सैल होते आणि काही कळा जड, तर काही निर्जीव वाटू लागतात.

यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली एक स्वतंत्र स्विच असतो. त्याचे वरचे व खालचे कवच, मधे खालीवर सरकणारा दांडा, दांड्याखालची पोलादी स्प्रिंग आणि बाजूला असलेली धातूची लवचीक पट्टी हे त्याचे मुख्य घटक होत. कळ स्थिर असताना दांड्याचा एक उंचवटा ही पट्टी दूर ढकलून धरतो. दांडा खाली सरकला की उंचवट्याचा उतार येतो, पट्टी पुढे येऊन दुसऱ्या संपर्काला टेकते आणि परिपथ पूर्ण होतो. ज्या खोलीवर हे घडते तिला आपण कार्यबिंदू म्हणू. बहुसंख्य प्रचलित स्विचमध्ये एकूण प्रवास सुमारे 4 मिलिमीटरचा आणि कार्यबिंदू सुमारे 2 मिलिमीटरवर असतो. म्हणजे अक्षर उमटण्यासाठी कळ तळाला नेणे तत्त्वतः आवश्यक नसते. रबरी घुमट आणि यांत्रिक स्विच यांतील हा मूलभूत फरक आहे.

2. पूर्वेतिहास

आयबीएम कंपनीने 1981 मध्ये आपला पहिला वैयक्तिक संगणक आणला. त्याच्या कळफलकात प्रत्येक कळीखाली एक उभी स्प्रिंग होती. विशिष्ट दाबानंतर ती बाजूला वाकून खालच्या लहान हातोडीला उलथवत असे, त्याच क्षणी अक्षर नोंदले जाई आणि ‘खट्’ असा आवाज होई. 1985 मध्ये आलेल्या मॉडेल एम या कळफलकानेही हीच वाकणारी स्प्रिंग ठेवली, मात्र खर्च कमी करण्यासाठी खाली पडद्यांचा थर घेतला. दोन किलोग्रॅमपेक्षा अधिक वजनाचे हे कळफलक आजही काही ठिकाणी वापरात आहेत. 1996 मध्ये अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथे स्थापन झालेल्या युनिकॉम्प या कंपनीने त्यांचे उत्पादन पुढे चालू ठेवले.

आजच्या बहुतेक स्विचचे मूळ मात्र चेरी या कंपनीच्या एमएक्स मालिकेत आहे. ही मालिका 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात आली. तिच्या पेटंटची मुदत 2014 च्या सुमारास संपली. त्यानंतर गेटरॉन, काइल आदी चिनी उत्पादकांचे त्याच मापाचे स्विच मोठ्या प्रमाणात पुढे आले. दांड्याच्या माथ्यावरील अधिक चिन्हाच्या आकाराचा खुंट समान असल्यामुळे एकाच्या कळटोप्या, म्हणजे कीकॅप, दुसऱ्याच्या स्विचवर बसतात. रचनाबदलाची आजची सारी सोय या समान मापावर उभी आहे.

जपानमधील एक उदाहरण अध्यापकांना विशेष जवळचे वाटेल. टोकियो विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक एईती वादा यांनी स्वतःच्या कामाला अनुरूप अशा लहान कळफलकाची कल्पना मांडली आणि तीतून 1996 मध्ये पीएफयू या कंपनीचा हॅपी हॅकिंग कीबोर्ड साकारला. संगणक बदलत राहिले तरी हात एकाच मांडणीवर स्थिर राहावेत, हा त्यामागील विचार होता. लिहिणाऱ्याने आपल्या साधनाचा विचार स्वतः करावा, याचे हे बोलके उदाहरण होय.

3. स्विचचे तीन वर्ग

अ) लिनियर अथवा एकरेषीय स्विच : कळ वरपासून खालपर्यंत सलग, अडथळ्याविना जाते आणि प्रतिकार केवळ स्प्रिंगचा असतो. चेरीचा लाल आणि काळा स्विच या वर्गात येतात.

आ) टॅक्टाइल अथवा स्पर्शबोधक स्विच : दांड्याच्या उंचवट्यावर लहानशी गाठ असते. कार्यबिंदूच्या आसपास ती बोटाला जाणवते आणि अक्षर नोंदले गेल्याची सूचना देते. चेरीचा तपकिरी स्विच या वर्गातला असून त्याची गाठ सौम्य असते.

इ) क्लिकी अथवा ध्वनिबोधक स्विच : स्पर्शाबरोबर स्पष्ट आवाजही येतो. चेरीचा निळा स्विच हे त्याचे परिचित उदाहरण.

रंगांच्या या नावांबाबत सावध राहणे आवश्यक आहे. रंग हे मानक नाही. तो उत्पादकाने दिलेला संकेत आहे. लाल म्हणजे लिनियर आणि निळा म्हणजे क्लिकी हा संकेत अनेकांनी पाळला आहे. तरीही चेरीचा ‘क्लिअर’ हा जड टॅक्टाइल स्विच आहे आणि गेटरॉनचा ‘क्लिअर’ हा अतिशय हलका लिनियर. केवळ नावावरून मागणी नोंदविणाऱ्याच्या हाती नेमके उलटे काही पडू शकते. म्हणून वर्ग, बल आणि प्रवास या तीन गोष्टी प्रत्यक्ष वाचूनच स्विच घ्यावा.

4. आकड्यांचे वाचन

स्विचच्या माहितीपत्रकात बल सेंटीन्यूटन किंवा ग्रॅममध्ये दिलेले असते. एक सेंटीन्यूटन म्हणजे व्यवहारात एका ग्रॅम वजनाचा भार मानण्यास हरकत नाही. चेरीच्या लाल स्विचला कार्यबिंदूपर्यंत नेण्यास सुमारे 45 आणि काळ्यास सुमारे 60 सेंटीन्यूटन बल लागते. हा फरक एका कळीपुरता क्षुल्लक वाटतो, परंतु दिवसभरातील हजारो दाबांनी त्यास गुणले असता तो क्षुल्लक राहत नाही. दुसरीकडे, फार हलक्या स्विचवर बोट नुसते विसावले तरी नको ते अक्षर उमटते. जो अध्यापक विचार करताना बोटे कळांवर ठेवतो, त्याला हलका स्विच त्रासदायक ठरू शकतो.

आपल्याजवळील कळफलक किती जड आहे हे पाहण्याची एक घरगुती रीत आहे. 2011 च्या मालिकेतील पाच रुपयांचे नाणे 6 ग्रॅम वजनाचे असते. अशी नाणी एकावर एक रचून कळीच्या मध्यभागी हलकेच ठेवावीत आणि किती नाण्यांवर अक्षर उमटते ते पाहावे. आठ नाणी म्हणजे 48 ग्रॅम, दहा म्हणजे 60. सध्याच्या कळफलकाचा भार एकदा कळला की नव्या स्विचच्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो.

आयुर्मानाचे आकडे उत्पादकांच्या चाचण्यांवर आधारित असतात. चेरी कंपनी आपल्या स्विचसाठी 5 कोटी ते 10 कोटी दाबांचा उल्लेख करते. व्यवहारात स्विच झिजण्याआधी धूळ, सांडलेला चहा किंवा दमट हवा यांमुळे संपर्क बिघडण्याचा संभव अधिक असतो. त्याचे लक्षण म्हणजे एकदा कळ दाबली असता अक्षर दोनदा उमटणे. यांत्रिक कळफलकात अशा वेळी तो एकच स्विच बदलता येतो.

5. मराठी मांडणी आणि बोटांवरील भार

या विषयाचा गाभा येथे आहे. कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही. कोणती कळ दाबली गेली, एवढाच संकेत तो पाठवतो. त्या संकेताचा ‘क’ करावा की इंग्रजी ‘के’, हे संगणकाची कार्यप्रणाली ठरवते. त्यामुळे कोणत्याही यांत्रिक कळफलकावर मराठी लिहिता येते आणि त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. मात्र मांडणी बदलली की बोटांचे काम बदलते.

भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट ही मांडणी 1991 च्या आयएस 13194 या भारतीय मानकात समाविष्ट आहे. तिच्यात मात्रा, स्वर आणि हलन्त डाव्या बाजूस, तर बहुतेक व्यंजने उजव्या बाजूस आहेत. म, ण, न आणि व ही व्यंजने मात्र खालच्या ओळीत डाव्या हाताकडे येतात. दोन्ही तर्जनींच्या मूळ कळांवर ‘ि’ आणि ‘र’ आहेत. रचना तर्कशुद्ध असून सरावाने न पाहता लिहिता येते.

या मांडणीत शिफ्टचे स्थान इंग्रजीपेक्षा वेगळे आहे. इंग्रजीत शिफ्ट मुख्यतः वाक्यारंभी आणि विशेषनामांसाठी लागते. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे सर्व सुटे स्वर, ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही दहा महाप्राण व्यंजने आणि त्याखेरीज ण, ळ, श, ष ही अक्षरे शिफ्टसह उमटतात. मराठीत पदोपदी येणारे ‘आणि’ हे अव्यय घ्या. त्याच्या तीन कळांपैकी दोन शिफ्टसह दाबाव्या लागतात. ‘शाळा’ या शब्दातील चार कळांपैकीही दोन तशाच.

एक साधे वाक्य मोजून पाहू : ‘महाविद्यालयात आणि शाळेत शिक्षकाला अनेक अहवाल लिहावे लागतात’. पूर्णविराम सोडून यात अक्षरकळांचे 51 दाब, शब्दांमधील 7 मोकळ्या जागा आणि शिफ्टचे 8 दाब आहेत. एकूण 66. आठ शब्दांना आठ शिफ्ट, म्हणजे प्रत्येक शब्दामागे सरासरी एक. याच प्रमाणाने 2500 शब्दांचा शोधनिबंध लिहिला तर सुमारे 20 हजार दाब होतील आणि त्यांत सुमारे अडीच हजार शिफ्टचे असतील. हे एका वाक्याचे उदाहरण आहे, ते सर्वेक्षण नव्हे. वाचकांनी स्वतःच्या लेखनातील एखादा परिच्छेद घेऊन अशी मोजणी अवश्य करावी.

हा भार कोणावर पडतो? टंकलेखनाच्या नियमानुसार अक्षर ज्या हाताचे असेल त्याच्या विरुद्ध हाताच्या करंगळीने शिफ्ट दाबायची असते. अ, आ, ण ही डाव्या हाताची अक्षरे असल्याने त्यांच्यासाठी उजवी करंगळी लागते. त्याच करंगळीकडे ज, ड, च, ट आणि य ही अक्षरेही आहेत. शिवाय एंटर आणि चूक खोडण्याची बॅकस्पेस या कळाही तिच्याच वाट्याला येतात. डाव्या करंगळीकडे अक्षरांपैकी मुख्यतः ‘ो’ आणि ‘ौ’ व त्यांचे सुटे स्वर एवढेच असते. म्हणजे हातातील सर्वांत दुबळ्या बोटांपैकी एकावर, उजव्या करंगळीवर, मराठी लेखनाचे सर्वाधिक विविध काम येऊन पडते. मराठीसाठी कळफलक निवडताना आणि बदलताना हे वास्तव केंद्रस्थानी असले पाहिजे.

6. आकाराची निवड

पूर्ण आकाराच्या कळफलकात 104 च्या आसपास कळा असतात. उजवीकडील अंकपट्टी काढली की 87 कळांचा मध्यम आकार उरतो. त्याहून लहान, 61 कळांचे आणि त्याखालचेही प्रकार मिळतात. लहान कळफलकाचा लाभ असा की माऊस जवळ येतो आणि उजवा खांदा फार बाहेर ताणला जात नाही. ज्यांना वर्षातून दोनदा गुणांच्या लांब याद्या भराव्या लागतात, त्यांनी अंकपट्टी वेगळी घेऊन गरजेपुरती जोडणे सोयीचे ठरते.

मराठीसाठी काही मर्यादा मात्र लक्षात घ्याव्यात. पहिली, अंकांची ओळ नसलेले अतिलघू कळफलक टाळावेत. इनस्क्रिप्टमध्ये ‘ृ’ ही मात्रा त्या ओळीच्या उजव्या टोकाजवळ असते, तर ज्ञ, त्र, क्ष, श्र ही जोडाक्षरे बहुतेक संगणकांवर त्याच ओळीत शिफ्टसह मिळतात. दुसरी, बाणांच्या कळांना जागा करण्यासाठी काही लहान कळफलकांत उजवी शिफ्ट आखूड केलेली असते. ज्या भाषेत ‘आणि’साठी उजवी शिफ्ट दोनदा लागते, तिच्यासाठी ही काटकसर महागात पडते. तिसरी, ‘ॉ’ ची कळ नेहमीच्या अमेरिकी मांडणीत एंटरच्या वर असते. युरोपीय मांडणीत एंटरचा आकार बदलतो आणि ही कळ सरकते. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ असे शब्द लिहिणाऱ्याने ती कोठे आहे हे आधी पाहावे.

7. रचनाबदलाच्या पायऱ्या

7.1 स्विच आणि स्प्रिंग : काही कळफलकांत स्विच सर्किट बोर्डला डाखाने जोडलेले असतात. काहींत खोबण्या असतात आणि चिमट्याने स्विच उपटून दुसरा बसविता येतो. या दुसऱ्या प्रकारास हॉट-स्वॅप म्हणतात. प्रथमच घेणाऱ्याने हाच प्रकार घ्यावा. बसविताना स्विचच्या दोन्ही धातूच्या पायांची सरळता पाहून तो काटकोनात दाबावा. वाकलेला पाय हे कळ न चालण्याचे नेहमीचे कारण असते. काही स्विचच्या तळाशी प्लॅस्टिकच्या दोन जादा खुंट्या असतात. बोर्डवर त्यांची छिद्रे नसतील तर त्या कापाव्या लागतात.

या सोयीचा खरा उपयोग सर्व कळा एकदम बदलण्यात नाही. उजव्या करंगळीच्या स्तंभातील ज, ड, च, ट, य आणि उजवी शिफ्ट एवढ्याच कळांखाली त्याच वर्गाचे थोडे हलके स्विच बसविता येतात. उलट, मोकळ्या जागेच्या कळीखाली अंगठ्यासाठी किंचित जड स्प्रिंग चालते. वाद्याच्या तारा जशा एकसारख्या ताणाच्या नसतात, तशाच कळाही एकसारख्या असण्याचे कारण नाही.

7.2 वंगण आणि स्थिरक : दांडा आणि कवच यांच्या घर्षणामुळे होणारी खरखर कमी करण्यासाठी स्विच उघडून त्यात ब्रशने अत्यंत पातळ ग्रीस लावतात. क्रायटॉक्स 205 जी 0 हे त्यासाठी प्रचलित आहे. टॅक्टाइल स्विचमध्ये गाठ निर्माण करणाऱ्या भागावर ग्रीस लावल्यास गाठच बोथट होते, आणि क्लिकी स्विचमध्ये आवाज मरतो. म्हणून तेथे हात आखडता घ्यावा. शिफ्ट, एंटर आणि मोकळी जागा या रुंद कळा तिरप्या होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली तारेचे स्थिरक असतात. त्यांतील खडखडाट तारेच्या टोकांना ग्रीस लावून घालवता येतो. ज्याला सर्व स्विच उघडण्याचा उत्साह नाही, त्याने निदान शिफ्टचे स्थिरक तरी ठीक करावेत. मराठीत ती कळ शब्दागणिक वाजते.

7.3 कळटोप्या : या प्रामुख्याने एबीएस किंवा पीबीटी प्लॅस्टिकच्या असतात. एबीएस बोटांच्या घर्षणाने लवकर चकाकू लागते. पीबीटी अधिक टिकाऊ आणि खरबरीत असते. अक्षरे दोन रंगांच्या प्लॅस्टिकच्या ओतकामाने किंवा रंग आत मुरवून उमटविली असतील तर ती पुसली जात नाहीत. देवनागरी अक्षरे असलेल्या कळटोप्या सहज मिळत नाहीत. आरंभी पारदर्शक चिकटपट्ट्या पुरेशा होतात. सराव झाला की तर्जनींच्या कळांवरील लहान उंचवटेच मार्गदर्शक ठरतात.

7.4 फर्मवेअर : हा बदल सर्वांत कमी खर्चाचा आणि मराठीसाठी सर्वांत फलदायी आहे. फर्मवेअर म्हणजे कळफलकाच्या आतील सूक्ष्म संगणकाची आज्ञावली. क्यूएमके ही मुक्त स्रोत आज्ञावली चालणाऱ्या कळफलकात कोणती कळ काय करील हे आपण ठरवू शकतो. अशा अनेक कळफलकांवर व्हाया या साधनाने हे बदल पडद्यावर चित्र पाहून करता येतात. येथे दोन बदल सुचवावेसे वाटतात. पहिला, शिफ्ट अंगठ्याकडे आणणे. मोकळ्या जागेच्या शेजारची एखादी कळ शिफ्ट म्हणून नेमली की हे साधते. दुसरा, ‘एकदा दाबून सोडण्याची’ शिफ्ट नेमणे. ती धरून ठेवावी लागत नाही. दाबून सोडल्यावर फक्त पुढचे एकच अक्षर शिफ्टसह उमटते. या दोन्हींमुळे उजव्या करंगळीचा मोठा भार हलका होतो.

ज्यांच्याकडे यांत्रिक कळफलक नाही, त्यांनाही यातील दुसरा लाभ घेता येतो. विंडोज प्रणालीतील स्टिकी कीज ही सुविधा बहुतांशी हेच काम करते. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली असता ती सुरू करण्याची विचारणा होते. नवी खरेदी करण्यापूर्वी आठवडाभर हा प्रयोग करून पाहणे शहाणपणाचे होय.

8. ध्वनी आणि आरोग्य

यांत्रिक कळफलकाचा आवाज ही एक सामाजिक बाब आहे. एका टेबलाभोवती सहा अध्यापक बसतात त्या कक्षात क्लिकी स्विच आणणे म्हणजे सहकाऱ्यांच्या सौजन्याची परीक्षा पाहणे होय. ग्रंथालयात तर त्याला स्थानच नाही. अशा ठिकाणी दांड्यावर मऊ गादी असलेले सायलेंट स्विच, जाड कळटोप्या आणि खाली कापडी किंवा रबरी चटई यांचा अवलंब करावा. आवाजाचा मोठा भाग कळ तळाला आदळल्याने होतो. म्हणून हलक्या हाताने लिहिण्याची सवय हा उत्तम उपाय आहे.

आरोग्याविषयी अतिशयोक्ती टाळली पाहिजे. यांत्रिक कळफलक हा मनगटदुखीवरील उपचार नव्हे. किंबहुना त्याची उंची नेहमीच्या कळफलकापेक्षा जास्त असल्याने मनगट मागे वाकण्याचा धोका वाढतो. मागील पाय दुमडून ठेवणे, कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहील अशी टेबल-खुर्चीची उंची राखणे आणि दर अर्ध्या तासाने हात मोकळे करणे या गोष्टींचे महत्त्व स्विचच्या प्रकाराहून अधिक आहे. बोटांना मुंग्या किंवा बधिरता येत असेल तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे.

9. निवडीचा सुचविलेला क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम हाती येतो. प्रथम आपण कोणत्या भाषेत आणि कोणत्या मांडणीत अधिक लिहितो ते निश्चित करावे. दुसरे, कोठे बसून लिहितो ते पाहावे, कारण त्यावर आवाजाचा निर्णय अवलंबून आहे. तिसरे, नाण्यांच्या साहाय्याने सध्याच्या कळफलकाचा भार मोजावा. चौथे, आकार ठरवावा आणि उजवी शिफ्ट व अंकांची ओळ तपासावी. पाचवे, हॉट-स्वॅप आणि बदलता येणारे फर्मवेअर या दोन गुणांना दिवे, धातूचे कवच व बिनतारी जोडणी यांहून प्राधान्य द्यावे. स्विचचा वर्ग शेवटी निवडावा. शक्य असल्यास सर्व प्रकारचे दोन-चार सुटे स्विच आणून बोटांनी अनुभवावेत. स्पर्श हा वर्णनाने कळण्याचा विषय नाही.

निष्कर्ष

1) यांत्रिक कळफलकाचे प्रमुख मूल्य दुरुस्तीक्षमतेत आणि अनुकूलनक्षमतेत आहे. एका स्विचसाठी संपूर्ण साधन टाकावे लागत नाही. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आहेत. संगणक प्रयोगशाळा चालविणाऱ्या महाविद्यालयांनीही या गुणाचा विचार करणे उचित ठरेल.

2) स्विचचा रंग हा निवडीचा निकष नव्हे. वर्ग, बल, प्रवास आणि ध्वनी हे निकष होत.

3) इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहिताना शिफ्टचा वापर वारंवार होतो आणि उजव्या करंगळीकडे अनेकविध काम येते. म्हणून मराठी लेखकासाठी शिफ्टची जागा आणि तिची रीत बदलणे हा महागड्या स्विचपेक्षा अधिक उपयुक्त बदल आहे.

4) या बदलाचा काही भाग कोणत्याही खर्चाविना, उपलब्ध संगणकावरच करता येतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

बोरू टाकाने जाड-बारीक लिहिणाऱ्या पिढीला टाकाची जीभ कशी कापावी हे ठाऊक असे. लेखनाचे साधन हाताला जुळवून घेणे हा लेखनविद्येचाच भाग मानला जाई. कळफलकाच्या बाबतीत ते कौशल्य काही काळ मागे पडले होते. त्याची साधने आता पुन्हा उपलब्ध झाली आहेत आणि ती मराठीच्या गरजेनुसार वापरणे हे मराठी लिहिणाऱ्यांच्याच हाती आहे.